विचर ४ हा नवीन व्हिडिओ गेम यायच्या आधी विचर ३ खेळायलाच पाहिजे का?

पाहिजेच असं नाही, पण माझं ऐकशील तर खेळच. नवीन गेममध्ये मेन कॅरेक्टर आधीच्या भागांचा हिरो गेराल्ट नाही, सिरी आहे, आणि डिसेंबर २०२४ च्या ट्रेलरमध्ये ती स्वतः विचर, म्हणजे राक्षसांची शिकारी, झालेली दिसते, पोशन पिऊन राक्षसाला भिडते वगैरे. आता ही पोरगी कोण, गेराल्टने तिला मुलीसारखं कसं वाढवलं, कॅर मॉर्हेन या विचरांच्या किल्ल्यात तिला तलवार कोणी शिकवली हे माहीत असलं ना की तोच ट्रेलर बघताना अंगावर काटा येतो, नाहीतर फक्त भारी ग्राफिक्स दिसतील.

वेळ भरपूर आहे. पूर्ण प्रॉडक्शनच नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालं आणि गेम बनवणाऱ्या कंपनीनेच सांगितलंय की २०२६ संपायच्या आधी येणार नाही. यावेळी स्वतःचं इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) सोडून अनरिअल इंजिन ५ घेतलंय, जून २०२५ मध्ये त्याचा टेक डेमो साध्या पीएस५ वर दाखवला, त्यात गेममधल्या कोव्हिर प्रदेशाचे बर्फाळ डोंगर, सिरीची घोडी केल्पी, गजबजलेला बाजार. पण तो डेमो होता, खरा गेमप्ले नाही, हे लक्षात ठेव.

विचर ३ सुरुवातीला स्लो वाटतो, बरेच जण व्हाइट ऑर्चर्ड या सुरुवातीच्या प्रदेशातच सोडून देतात, तसं करू नको, वेलेन या पुढच्या प्रदेशात पोच आणि ब्लडी बॅरनचं क्वेस्ट पूर्ण कर, मग तूच थांबणार नाहीस. पहिले दोन भाग नाही खेळलास तरी चालेल. आणि सिरीशी बोलताना उत्तरं जरा विचार करून निवड, शेवट बराचसा त्यावरच ठरतो.