ड्वेमर नाहीसे झाले ते बरंच झालं का?

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी जखम ठसठसली. 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतल्या 'मोरोविंड' या गेममध्ये ड्वेमर, म्हणजे यंत्रं घडवणारी आणि अचानक गायब झालेली एल्फांची जमात, कुठे गेले हे शोधायची कामगिरी पुढे सरकत नाही, आणि त्याच मालिकेतल्या पुढच्या 'स्कायरिम'मध्ये त्यांनी फाल्मरांचे, म्हणजे हिम-एल्फांचे, डोळे घालवले हे कळल्यावर 'त्यांच्याबाबतीत झालं ते योग्यच' असं तुम्ही म्हणताय. (पुढे सगळे स्पॉयलर आहेत. आणि मी लोअरचा, म्हणजे गेममागच्या कथा-इतिहासाचा, पंडित नाही, जुना खेळाडू आहे फक्त.)

आधी कामगिरी. व्हिवेक शहरातल्या मेजेस गिल्डमधले (जादूगारांच्या संघातले) सर्वांत मोठे साहेब, नाव घेत नाही, तुम्हाला सांगतात की अख्खी जमात कशी गायब झाली त्याचा छडा लाव. बस्स. कुठे जायचं, कुणाला विचारायचं, काही नाही. गेम २००२ चा, नकाशावर बाण नाहीत. सरकारी कचेरीत 'योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा मारून फाइल खाली ढकलतात ना, अगदी तसं. माझ्या डोक्याचं खरं भजं तिथेच झालं. हेच साहेब तेलवान्नी या जादूगार घराण्याच्या कौन्सिलरांना मारून टाक असंही बिनदिक्कत सांगतात, त्यामुळे त्यांच्याकडून मार्गदर्शनाची आशा सोडा. ग्निसिस गावात बालादास देमनेवान्नी या जादूगाराकडे जा. ड्वेमरांची पुस्तकं घेऊन जा, त्यातल्या एकात तोच मजकूर एल्फांच्या भाषेतही आहे, म्हणून बाकीची उलगडतात. मग तेल फिर या मनोऱ्याच्या तळघरात याग्रम बागार्न या शेवटच्या ड्वेमरला गाठा.

आता न्यायनिवाडा. फाल्मरांच्या बाबतीत ड्वेमरांनी केलेलं पाप खरंच आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. नॉर्ड माणसांनी हुसकावलेले हिम-एल्फ आसऱ्याला आले, आणि ड्वेमरांनी किंमत लावली: विषारी बुरशी खा, आंधळे व्हा. वर त्यांना गुलाम केलं. 'स्कायरिम'च्या 'डॉनगार्ड' या जोडभागात गेलेबोर या हिम-एल्फाच्या तोंडून हे ऐकताना कुणालाही संताप येईल. (नॉर्डांना मात्र कुणी जाब विचारत नाही, ते स्थानिक हिरो!)

पण गायब होण्याचा त्याच्याशी संबंध काय? काग्रेनॅक या ड्वेमर कारागिराला लॉर्खान या मेलेल्या देवाचं हृदय सापडलं, त्यातून नवा देव घडवायचा घाट घातला, आणि पहिल्या युगाच्या ७०० सालच्या सुमारास रेड माउंटनच्या लढाईत त्या हृदयावर त्याची हत्यारं चालवली गेली, आणि जमात गायब. त्यातलं कीनिंग 'स्कायरिम'मध्येही आहे. विंटरहोल्डच्या जादू-कॉलेजातला आर्निएल गेन ते हातात घेऊन बिघडलेल्या सोल जेमवर (आत्मा कोंडायच्या खड्यावर) घाव घालतो आणि तुमच्यासमोर नाहीसा होतो. त्याने कुठल्या फाल्मरला छळलं होतं? नेमकं काय घडलं हे गेमने मुद्दाम मोघम ठेवलंय, पण मला तरी ती शिक्षा वाटत नाही, कारखान्यातला अपघात वाटतो. फक्त त्यात एकट्या मालकाचा हात गेला नाही, गावंच्या गावं गेली. बाकीच्यांशी पटलं नाही म्हणून दूर हॅमरफेल प्रांतात निघून गेलेलं रूर्केन कूळसुद्धा सुटलं नाही. त्यांनी कुठल्या हृदयाला हात लावला होता?

याग्रम तेवढा त्या वेळी दुसऱ्या मितीत होता म्हणून वाचला. परत आला तर कुणीच नाही. आता कॉर्प्रस रोगाने सुजलेलं शरीर कोळ्यासारख्या यांत्रिक पायांवर तोलून बसलाय, मरणही येत नाही. त्याच्यासमोर जाऊन 'तुमचं योग्यच झालं' म्हणून बघा.

म्हणून माझं मत: काग्रेनॅक दोषी, बुरशी खाऊ घालणारे दोषी, जमात नाही. ज्याला पटत नाही त्याने खुशाल भांडावं, फक्त 'स्कायरिम' एकदा संपवून निकाल देऊ नये.

आणि 'स्कायरिम'मध्ये ड्वेमरांच्या अवशेषांत जाताय तर गिअर उचलू नका, वितळत नाहीत, नुसतं ओझं. सॉलिड ड्वेमर मेटलचा ठोकळा २५ वजनाचा आणि वितळवून धातूच्या लगड्या मिळतात पाच. वाकडी भंगार पट्टी अवघी २ वजनाची आणि देते तीन. पट्ट्याच गोळा करा.