पासष्टीनंतर, गुडघे कुरकुरत असताना इलेक्ट्रिक सायकलने खरंच व्यायाम होतो का?

होतो, पण पेडल मारलं तरच. नुसता थ्रॉटल (हँडलवरचा अ‍ॅक्सिलरेटर) पिळत राहिलात तर ती मोपेडच झाली.

घेताना टॉर्क सेन्सर असलेली पाहा. त्यामुळे पायाच्या जोराच्या प्रमाणात मोटरची मदत मिळते. स्वस्त सायकलींतला केडन्स सेन्सर पेडल फिरताच मोटर सुरू करतो, त्यामुळे सुटताना झटका बसतो. अशी सायकल असेल तर सिग्नलला ब्रेक दाबूनच ठेवा. ब्रेक लिव्हरला मोटर बंद करणारा कटऑफ आहे ना, हे दुकानातच तपासा. आडवा दांडा नसलेली, खालून पाय टाकता येणारी फ्रेम घ्या. या सायकलींचं वजन बहुधा २० किलोच्या पुढे असतं, तोल गेला की सावरणं जड जातं.

गुडघ्यांसाठी सीटची उंची सर्वांत महत्त्वाची. टाच खालच्या पेडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली राहिली की वाटीपुढे दुखतं. चढाच्या आधीच हलका गिअर टाका, पेडलचे मिनिटाला ६०-७० फेरे ठेवा.

सुरुवातीला सपाट रस्त्यावर २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतका दम लागला की मदतीची पातळी बरोबर. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि हेल्मेट हवंच.