सोफ्यावर लावायला सीएसएमटीचा फोटो मोबाईलने काढलेला चालेल का?

आरामात चालेल. सहा फुटी सोफ्याच्या वर सीएसएमटीचा मोठा फोटो लावायचा म्हणून तुम्ही कॅमेरा भाड्याने घ्यायचं विचारताय, पण माझं ऐका, ते पैसे प्रिंट आणि फ्रेमवर घाला. १२ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ४००० बाय ३००० पिक्सेल, इंचाला १५० धरले तरी २६ बाय २० इंच निघतात आणि सोफ्यावरचा फोटो कोणी नाक लावून बघत नाही. फक्त डिजिटल झूम करू नका, आणि प्रिंटवाल्याला फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

आता खरा मुद्दा. अख्खी बिल्डिंग एका फ्रेममध्ये कोंबायचा हट्ट सोडा, तसले फोटो कॅलेंडरवर शेकड्याने आहेत आणि खाली बस-टॅक्सीची गर्दी येते ती वेगळीच. गेटच्या एका खांबावर सिंह बसलाय, दुसऱ्यावर वाघ (सिंह ब्रिटनचा, वाघ आपला), रोज लाखो लोकं लोकल पकडायला पळतात पण मान वर करून बघतंय कोण! या दोघांचे दोन उभे फोटो काढा. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी गेलात तर दगड सावलीत आणि मागचं आकाश पांढरंफटक, दुपारी चारनंतर जा, तिरकं ऊन पडलं की आयाळीची कोरणी सुटी दिसायला लागते. तिथेच मागे वळलात तर पालिकेची बिल्डिंग, तीही सीएसएमटीचा आराखडा करणाऱ्या स्टीव्हन्सचीच, १८९३ ची, तिचाही एखादा तुकडा घेऊन ठेवा. संध्याकाळी स्टेशनवर रंगीत लाईट सोडतात, मोबाईलवर भारी दिसतात पण जांभळी-गुलाबी बिल्डिंग हॉलमध्ये रोज बघवत नाही, फारच आवडला तर ब्लॅक अँड व्हाइट करून टाका.

प्रिंट मॅट पेपरवर घ्या, ग्लॉसीमध्ये फोटोपेक्षा खिडकी आणि ट्यूबलाईटच जास्त दिसते. काच लावणार असाल तर मधे माउंट (प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, नाहीतर पावसाळ्यात दमटपणाने प्रिंट काचेला चिकटते आणि मग सोडवताना फाटलीच समजा. भिंत बाहेरच्या बाजूची असेल तर फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना रबराची बटणं लावून घ्या, हवा खेळती राहते. २० इंची प्रिंटला दोन्हीकडे तीन-तीन इंच माउंट धरा, दोन फ्रेम शेजारी शेजारी लावल्या की साडेचार फूट होतात, सहा फुटी सोफ्याला बरोब्बर. आणि खालची कड सोफ्याच्या पाठीपासून सात-आठ इंच वर ठेवा, टेकून बसणाऱ्यांची डोकी आपटायला नकोत.