वजनाचा काटा थांबला, आता कोणत्या तपासण्या?

प्रश्न : वय 44, उंची 158 सेंमी. सात महिन्यांत वजन 86 वरून 75 किलोवर आणलं. गेले दहा आठवडे काटा हलत नाही. आहार तोच, रोज सकाळी उपवन तलावाजवळ पाऊण तास चालणंही तेच. थायरॉइडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी सकाळी चहाबरोबर घेते, कॅल्शियम नाश्त्यानंतर, केसांसाठी बायोटिन आणि मायग्रेनसाठी रात्री अमिट्रिप्टिलीन. डॉक्टर म्हणतात, अजून कमी खा. लॅबचं ‘फुल बॉडी’ पॅकेज करून घेऊ का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : पॅकेजचे पैसे तूर्त राहू द्या. शोधायचं ते बरंचसं तुमच्या पत्रातच आहे.

आधी थायरॉइडची गोळी. ती चहाबरोबर घेतली की पुरती शोषली जात नाही. उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा निदान अर्धा तास, जमलं तर तासभर पुढे ढकला. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनीच घ्यायची, म्हणजे तुमचं कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. सहा ते आठ आठवडे असं चालू ठेवून मगच टीएसएच (थायरॉइड कमी पडला की हा वाढतो) आणि फ्री टी-4 (रक्तातला थायरॉइडचा हार्मोन) या चाचण्या करा. त्याआधी केलेला रिपोर्ट अर्धवट चित्र दाखवतो. बायोटिन चाचणीच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. त्याच्यामुळे बऱ्याच लॅबच्या पद्धतींत टीएसएच खोटा कमी दिसतो. गोळी अपुरी पडत असली तरी रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि डॉक्टर डोस वाढवत नाहीत. मात्र थायरॉइड ताळ्यावर आला की दहा किलो उतरतील, असं धरून चालू नका. त्याने उतरतं ते थोडंच, आणि त्यातही बराचसा भाग अंगात साचलेलं पाणी असतं.

अमिट्रिप्टिलीनने भूक आणि वजन दोन्ही वाढू शकतात. गोळी स्वतःहून थांबवू नका. ज्यांनी दिली त्यांनाच विचारा : “मायग्रेनसाठी वजन न वाढवणारं दुसरं काही देता येईल का?”

आता हिशोब. 86 किलोच्या शरीराला नुसतं बसून राहायला जेवढी ऊर्जा लागत होती, त्यापेक्षा 75 किलोच्या शरीराला नेहमीच्या सूत्राप्रमाणे दिवसाला सुमारे 110 कॅलरी कमी लागतात. चालण्यातही आता कमी खर्च होतात, कारण वाहून न्यायचं ओझंच कमी झालंय. शिवाय कमी खाणारं शरीर नकळत हालचाल आवरतं. आहार ‘तोच’ राहिला की काटा थांबतो तो यामुळे. त्यात तुमचा आळस शोधू नका. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात, 15 मिलीत, सुमारे 125 कॅलरी असतात, आणि बुधलीतून थेट कढईत ओतताना तो एक चमचा सहज जास्त पडतो. महिन्याचं तेल मोजून वेगळ्या बरणीत काढा आणि फोडणी चमच्यानेच घाला. तीन आठवडे सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी, त्याच फरशीवर, त्याच काट्यावर वजन घ्या आणि आठवड्याची सरासरी मांडा. पाळीच्या आसपास किलो-दीड किलो पाणी साचतं, म्हणून एका सकाळचा आकडा विश्वासाचा नाही. कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर मोजा. घेर कमी होत असेल तर चरबी उतरतेय.

आणखी कमी खाणं मला पटत नाही, त्यात स्नायू जातात. जेवणात दोन्ही वेळा उसळ, अंडी, मासे किंवा पनीर येऊ द्या आणि आठवड्यातून दोनदा वजनं किंवा रबर बँडचे व्यायाम करा.

रक्तात सध्या एवढंच पुरे : टीएसएच व फ्री टी-4, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे). पॅकेजमधल्या एकाच वेळच्या कॉर्टिसॉलचा (ताणाच्या हार्मोनचा) उपयोग नाही. तो फार वाढल्याच्या खुणा वेगळ्या असतात : बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे पोटावर दिसत असतील, किरकोळ लागल्यावर काळंनिळं होत असेल, खुर्चीतून हात न टेकता उठता येत नसेल, तरच एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या तज्ज्ञांकडे) जा. ते रात्री डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळी कॉर्टिसॉल बघतात.

वजनाच्या इंजेक्शनांबद्दल लिहिलं नाहीत, पण तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 30 आहे, तेव्हा डॉक्टरांशी विषय काढायला हरकत नाही. थायरॉइडची गोळी चालू असणं ही त्याला आडकाठी नाही. नात्यात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर किंवा स्वतःला पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) झालेला असेल, तर ते आधीच सांगा.

प्रश्न : वय 39, वजन 104 किलो. रात्रपाळी. तीन महिने वजन अडकलंय. बीपी वाढलंय, घोरतो, झोपेत श्वास अडकतो असं पत्नी सांगते. थायरॉइड नॉर्मल आहे.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आता छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन स्लीप स्टडी (झोपेतला श्वास तपासणारी चाचणी) विचारा, बऱ्याचदा ती घरीच होते. तासाला श्वास अडकण्याच्या 15 किंवा अधिक घटना म्हणजे मध्यम किंवा तीव्र त्रास. सीपॅपच्या (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणाऱ्या) मशीनने वजन आपोआप उतरत नाही, पण दिवसाची झापड आणि बीपी आटोक्यात यायला मदत होते, आणि झापड गेली की व्यायाम होतो. तोवर रात्रपाळी संपल्यावर डोळे मिटत असतील तर पाम बीच रोडवर गाडी स्वतः चालवू नका. आणि स्टडी तुम्ही खरोखर झोपता त्या वेळीच, म्हणजे दिवसा, करून घ्या. वेळ ठरवतानाच तसं सांगा.