एंटर मारून पान सरकवण्याला डीटीपी म्हणत नाहीत

कोल्हापूरच्या शाहूपुरीतून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी ३० ची टायपिंग परीक्षा पास झाली आहे. डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याचा, क्लास लावायचा म्हणते. पण ‘आता पानं सॉफ्टवेअरच लावतं, फी कशाला घालवता?’ असं शेजारी सांगतात.

पानं सॉफ्टवेअर लावतं, हे खरं. पण कुठली ओळ शीर्षक आणि कुठला मजकूर, हे त्याला स्टाइल, म्हणजे त्या-त्या प्रकारच्या मजकुराला नेमून दिलेलं रूप, देऊन सांगावं लागतं. तेच अनेकांना येत नाही.

कोल्हापूरचंच काम घ्या. पतसंस्था, दूध संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात, त्यामुळे ऑगस्टपासून अहवालांची घाई. ४८ पानांचा अहवाल तयार आहे आणि ऐनवेळी चेअरमनसाहेबांचं मनोगत दोन परिच्छेदांनी वाढतं. झाली ४९ पानं! मधोमध पिना मारायच्या पुस्तिकेला पानं ४ च्या पटीत लागतात. म्हणजे ५२, त्यातली तीन कोरी. मजकुराला स्टाइल दिली असेल तर अक्षर १४ वरून १३.५ पॉइंट करायचं, सगळी पानं आपोआप मागे सरकतात. वर्डमध्ये अनुक्रमणिका निवडून एफ-९ दाबलं की पानांचे आकडेही बदलतात. एंटर मारमारून पानं लावली असतील तर मात्र शीर्षकं भलतीकडे जातात आणि मधेच रिकामी जागा पडते. शीर्षक पानाच्या तळाशी एकटं राहू नये म्हणून त्याच्या स्टाइलमध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ ठेवायचं. ताळेबंदाचा तक्ता दुसऱ्या पानावर गेला तर ‘रिपीट हेडर रोज’ हवं, नाहीतर तिथल्या आकड्यांना रकान्यांची नावंच राहत नाहीत.

मराठीचा अभ्यास इथे कामाला येतो. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांत, आणताना ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षरात चुकीच्या जागी बसते, रफार हलतो. हे पकडायला मराठी वाचणारा डोळाच लागतो. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली तर परिच्छेदाचा कंपोजर, म्हणजे ओळी जुळवणारी सोय, ‘वर्ल्ड-रेडी’ आहे का ते आधी बघायचं. नवशिके उगाच फाँट बदलत बसतात. ‘रु.’ ओळीच्या शेवटी आणि रक्कम खालच्या ओळीत जात असेल, तर वर्डमध्ये त्या दोघांच्या मध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस दाबायचं, म्हणजे ते एकत्र राहतात.

साध्या लग्नपत्रिका आता लोक मोबाइलवरच करतात, त्या भरवशावर राहू नका. अहवाल, प्रबंध, दिवाळी अंक ही लांब मजकुराची कामं धरा.

क्लासवाल्यांना एकच विचारा : ५० पानांचा मजकूर स्टाइलनं लावून, अनुक्रमणिकेसकट करून घेता का? उत्तरात नुसती सॉफ्टवेअरची नावं आली तर दुसरा क्लास बघा. त्याआधी लिबरऑफिस रायटर हे वर्डसारखं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घ्या आणि तिला कॉलेजचा एखादा प्रकल्प त्यात लावू द्या. मग मजकुराचा आकार अर्ध्या पॉइंटनं कमी करायला सांगा. एकेक पान हातानं नीट करत बसावं लागलं, तर स्टाइल कुठे द्यायची राहिली ते तिला तिथेच दिसेल.