नाव कुठे घालायचे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या जोडीदाराला नऊ आठवडे पूर्ण झाले आणि सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले, हे तुझ्या पत्रात वाचून फार बरे वाटले. तुम्हा दोघींशी नीट वागतील अशा पुण्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची चार-पाच नावे मी लिहून पाठवावीत, अशी तुझी विनंती आहे. नावे मी पाठवणार नाही. डॉक्टरकीतून निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली, त्यामुळे माझी यादी शिळी आहे. त्याहून महत्त्वाचे कारण असे की आपण ‘अमक्या डॉक्टरांकडे नाव घातले’ असे म्हणत असलो तरी बाळंतपण एकटी डॉक्टर करत नाही. काउंटरवर केसपेपर काढणारी बाई, सोनोग्राफी सेंटरमधला मुलगा, रात्रपाळीची सिस्टर, लेबर रूमच्या दाराशी उभी असलेली मावशी आणि पहाटे तीन वाजता धावत येणारा निवासी डॉक्टर, या सगळ्यांच्या हातून ते होते. तुमच्याशी गोड बोलणारी डॉक्टर नेमकी त्या रात्री परगावी असू शकते. म्हणून तुला डॉक्टर नव्हे, दवाखाना पारखायला शिकायचे आहे.

आययूआय, म्हणजे दात्याचे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, करताना फार अडचण आली नाही, असे तू लिहितेस. त्याचे कारण साधे आहे. साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यात जोडपे म्हणजे विवाहित स्त्री-पुरुष एवढाच अर्थ असला, तरी एकवीस वर्षांवरील एकट्या स्त्रीलाही उपचारांसाठी येण्याची मुभा आहे. तुझी जोडीदार तिथे एकटी स्त्री म्हणून गेली. तिथल्या कागदांवर तू कुठेच नव्हतीस, आणि त्या टप्प्यावर त्यावाचून कुणाचे काही अडलेही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुमचे नाते गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. त्यामुळे बाळंतपणाच्या फॉर्मवर तुझ्यासाठी तयार रकाना नाही, आणि तुला कुठे बसवायचे हे दर वेळी समोरचा माणूस ठरवणार आहे. त्याने ते कसे ठरवले, यावरून दवाखाना कळतो.

माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगते. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्याकडे नवऱ्यापासून वेगळी राहणारी एक बाई बाळंतपणासाठी आली. दर तपासणीला तिच्याबरोबर एकच मैत्रीण असे आणि मी कधी काही विचारले नाही. न विचारणे म्हणजेच सभ्यपणा, असे मला तेव्हा वाटत होते. कळा सुरू झाल्यावर लेबर रूमच्या दाराशी मी त्या मैत्रिणीला “तुम्ही कोण?” असे विचारले, ती “मैत्रीण” म्हणाली, आणि “मग बाहेर थांबा, कुणी नातेवाईक असतील तर पाठवा” असे सांगून मी दार लावून घेतले. ती नऊ तास बाकड्यावर बसून होती. प्रसूतीनंतर टाके घालताना आम्ही एक अँटिबायोटिक भरून ठेवले होते; बाळंतीण इतकी थकली होती की विचारलेल्या प्रश्नाला ती धड उत्तर देऊ शकत नव्हती. त्या औषधाने तिच्या अंगावर गांधी उठतात, हे फक्त बाहेरच्या त्या बाईला माहीत होते. आत-बाहेर करणाऱ्या मावशीला तिने अडवून सांगितले, म्हणून ते आमच्यापर्यंत पोहोचले. मी त्या दोघींशी एकही वावगा शब्द बोलले नव्हते, आणि तरीही माझा दवाखाना त्यांच्यासाठी चांगला नव्हता.

म्हणून पहिली पारख फोनवर कर, आणि ती डॉक्टरांशी नव्हे, काउंटरवरच्या बाईशी. सरळ सांग, “माझ्या जोडीदाराला दहावा आठवडा आहे, आम्ही दोघी बायका आहोत, नाव घालायचे आहे. तपासणीला आणि बाळंतपणाच्या वेळी मी बरोबर असेन. चालेल ना?” तिकडे क्षणभर शांतता पसरली, तर लगेच वाईट वाटून घेऊ नकोस, हे वाक्य ती कदाचित आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असेल. त्या शांततेनंतर ती काय म्हणते, ते ऐक. “थांबा, मॅडमना विचारून सांगते” हे चांगले उत्तर आहे. “या ना, काय अडचण आहे?” हे त्याहून चांगले. “आम्हाला तसे काही नसते हो, पण बाकीच्या पेशंटना...” अशी सुरुवात झाली की फोन ठेवून पुढचा नंबर लाव. बाकीच्या पेशंटची काळजी पुढे करणारा दवाखाना अडचणीच्या वेळी तुमच्या बाजूने उभा राहत नाही, हे मी माझ्या क्षेत्रात पुरेसे पाहिले आहे.

नावे कुणाकडून घ्यायची, हेही तू विचारले आहेस. समलैंगिकांसाठी काम करणारी मुंबईतील हमसफर ट्रस्ट ही संस्था किंवा तुमच्यासारख्या बायकांचा, १९९५ पासून काम करणारा ‘लाबिया’ हा गट अशा ठिकाणच्या ओळखींतून विचार, पण जिने नाव सुचवले तिला “तू तिथे फक्त तपासायला गेली होतीस की बाळंत झालीस?” एवढे अवश्य विचार. दाराला तुम्हा लोकांना पाठिंबा दाखवणारा इंद्रधनुष्याचा स्टिकर लावणे सोपे असते. माझ्या ओळखीतल्या एका अगदी जुन्या वळणाच्या, कुंकू लावणाऱ्या, संकष्टीचा उपास न मोडणाऱ्या डॉक्टरबाई अशा जोडप्यांशी जितक्या सहज वागत, तितक्या सहज वागणारी तरुण मंडळी मला थोडीच भेटली. तेव्हा वयावरून, पोशाखावरून किंवा टेबलावरच्या गणपतीवरून अंदाज बांधू नकोस.

पहिल्या भेटीला दोघी आत जा. ‘बहीण’ म्हणून खपून जाण्याचा मोह तुला होईल, कारण ते आपल्याकडे फार सहज खपते. गंमत अशी की सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी अशी केंद्राची सूचना २०१६ पासून आहे आणि त्यात स्त्री नातेवाइकाला पसंती आहे. त्यामुळे जिथे नवऱ्याला दाराबाहेर उभे करतात, तिथे ‘बहीण’ म्हणवणारी बाई थेट आत जाऊ शकते. पण बहिणीला रात्री घरी पाठवून आईला बोलावता येते, हे लक्षात ठेव. शिवाय डॉक्टरांना खरे सांगण्याची वैद्यकीय कारणे आहेत. तुझ्या जोडीदाराचा रक्तगट आरएच निगेटिव्ह निघाला, तर डॉक्टर पहिला प्रश्न बाळाच्या वडिलांच्या रक्तगटाचा विचारतील, आणि ती माहिती स्पर्म बँकेच्या नोंदीत असते. ती मिळाली नाही तर गट पॉझिटिव्ह आहे असे धरून साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डीचे इंजेक्शन द्यावे लागते, म्हणजे आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत. थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारांची चौकशीही अशीच दोन्ही बाजूंची असते. आययूआयची तारीख कळली की दिवस मोजण्यातला घोळ मिटतो. म्हणून क्लिनिकचा सगळा कागद फाइलला लाव.

डॉक्टरांचे कोणते प्रश्न कामाचे आणि कोणते नुसत्या कुतूहलाचे, हे तुला ओळखता आले पाहिजे. दात्याच्या तपासण्यांबद्दलचा प्रश्न कामाचा आहे. “तुमच्यात नवरा कोण?” हा प्रश्न कामाचा नाही. तो एकदा आला, तर “आम्ही दोघीही आया आहोत” एवढे शांतपणे सांग आणि पुढच्या भेटीत तोच प्रश्न पुन्हा येतो का ते पाहा. चुकणाऱ्या डॉक्टरला एक संधी द्यावी, असे मला वाटते. एकदा सांगूनही तेच करणाऱ्याला देऊ नये.

आता सह्यांबद्दल, कारण खरी कसोटी तिथेच लागते. सिझेरियनच्या संमतिपत्रावर नवऱ्याची सही घेण्याची आपल्याकडे पक्की सवय आहे, पण ती सवयच आहे. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या स्त्रीची स्वतःची सही पुरेशी असते. २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात, रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन केलेली शस्त्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाने वैध संमतीची मानली नाही; आईचीही संमती चालत नाही, तर नवऱ्याचा आग्रह कशासाठी? जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करावे लागले, तर डॉक्टर कुणाच्याही सहीवाचून ते करू शकतात. तेव्हा दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत डॉक्टरांना विचार, “ऑपरेशनची वेळ आली तर तुम्ही कुणाची सही मागाल?” आणि त्याच वेळी तुझ्या जोडीदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र त्यांच्याकडे दे. माझ्या प्रकृतीची सर्व माहिती अमुक व्यक्तीला द्यावी, मी बोलण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा माझी इच्छा तिला विचारावी, आणि प्रसूतीच्या वेळी ती माझ्याजवळ असावी, एवढा मजकूर पुरे. हे पत्र कायद्याने तुला पत्नी करत नाही. पण रात्रपाळीच्या माणसाच्या हातात ते पडले की त्याला निर्णय घेणे सोपे जाते. डॉक्टरांनी ते वाचून, त्यावर तारीख घालून तुमच्यासमोर फाइलला लावले, तर त्या दवाखान्यात नाव घालायला माझी हरकत नाही. “हे कशाला हवे, आम्ही आहोत ना” असे म्हणून परत केले, तर मी पुन्हा विचार करीन.

सोनोग्राफी सेंटर बहुधा वेगळे असेल, आणि तिथे तुम्हाला जो कडकपणा दिसेल तो मनाला लावून घेऊ नका. गर्भलिंगनिदानबंदीच्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक गरोदर स्त्रीचा एफ फॉर्म भरावा लागतो, ओळखपत्र मागितले जाते आणि लिंग जाणून घ्यायचे नाही अशी सही तिच्याकडून घेतली जाते. हे सगळ्यांनाच आहे. नावाच्या रकान्यात काउंटरवरचा मुलगा नवऱ्याच्या नावावर अडून बसला, तर तिथे आईचे किंवा वडिलांचे नावही चालते, हे त्याला सांग. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली अॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का हे पाहणारी सोनोग्राफी, लांबलचक असते आणि तेव्हा तुलाही आत बसायची इच्छा असेल, म्हणून ते आधीच फोन करून ठरव.

जन्मनोंदणीचेही आत्ताच विचारून ठेव. नोंद एकवीस दिवसांत व्हायची असते आणि दवाखान्यातला जो माणूस ती माहिती पाठवतो त्याला वडिलांचा रकाना रिकामा ठेवायची भीती वाटते. अविवाहित आईला वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि जन्मदाखल्यासाठी तिचे प्रतिज्ञापत्र पुरेसे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये सांगितले आहे. त्या निकालाची प्रत फाइलमध्ये ठेव. तुझे नाव त्या दाखल्यावर येणार नाही, हे लिहिताना मला वाईट वाटते. बाळाच्या आईला मृत्युपत्राने तुला पालक नेमता येईल का, हे एखाद्या वकिलाला विचारा. हिंदू कायद्यात तशी तरतूद आहे, आणि ते काम सातव्या महिन्यापूर्वी उरकलेले बरे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून तुमच्यासारख्यांशी आरोग्यसेवेत होणारा भेदभाव कमी करण्यास सांगितले. ते पत्र तुमच्या गल्लीतल्या नर्सिंग होमपर्यंत पोहोचले असेल, या भरवशावर मात्र राहू नकोस.

एक बाब तू पत्रात विचारलेली नाहीस, पण मी सांगते. फार चांगल्या वागणुकीच्या शोधात फार लांबचा दवाखाना निवडू नका. सिंहगड रस्त्यावर राहून विमाननगरला नाव घालणे मला पसंत नाही, कारण कळा कधी सुरू होतील ते सांगता येत नाही. रक्तपेढी जवळ आहे का, भूलतज्ज्ञ रात्री किती वेळात येतो आणि नवजात बाळासाठी अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हे प्रश्न प्रत्येक गरोदर बाईने विचारायचे असतात, आणि तुम्हीही ते आधी विचारा. वागणूक उत्तम पण रक्ताची सोय नाही, अशा ठिकाणापेक्षा सोय पुरी आणि वागणूक जरा कोरडी असलेले ठिकाण मी निवडीन. कोरडेपणा चालेल, अपमान चालणार नाही. या दोहोंतला फरक तुम्हाला पहिल्या दोन भेटींत कळेल.

डबल मार्करची, म्हणजे बाळात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता पाहणाऱ्या रक्ततपासणीची, वेळ अकराव्या ते तेराव्या आठवड्यात येते, म्हणजे नाव घालायला तुमच्या हातात दोन-तीन आठवडे आहेत. सोमवारी सकाळी अकरानंतर, ओपीडीची पहिली गर्दी ओसरल्यावर, तीन ठिकाणी फोन कर. काउंटरवरच्या बाई नेमके काय म्हणाल्या, ते तुझ्या नव्हे, त्यांच्याच शब्दांत मला लिहून पाठव.

तुझी,
डॉक्टरमावशी