पिल्लाचे दात आणि घरच्यांचे हात

प्रश्न : आमच्याकडे अडीच महिन्यांचे गावठी पिल्लू आहे. ओटीवर कोणी बसले की ते बोटे धरते, चालू लागलो की टाचांमागे धावते आणि खळ्यातल्या नारळाच्या सोडणांपासून चपलांपर्यंत सारे कुरतडते. सहा वर्षांच्या मुलाच्या हातावर रक्ताळलेले ओरखडे आहेत. सासूबाई म्हणतात, चार फटके दिले की सुधारेल. पिल्लू रागीट निघेल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आधी मुलाच्या हाताचे पाहा. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीजचा धोका नाही, हा समज चुकीचा आहे. दात लागून रक्त आले असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर चुना, हळद वा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लसीविषयी विचारावे. आतापर्यंत गेला नसाल, तर आजच जा. पिल्लाची स्वतःची रेबीजची लस तीन महिन्यांचे होताच टोचून घ्यावी.

आता स्वभावाविषयी. या वयातले चावणे हे रागाचे लक्षण नव्हे. भावंडांशी दंगा करताना चावा जोरात बसला की समोरचे पिल्लू केकाटते, खेळ मोडतो, आणि दात किती जोराने टेकवावेत हे त्यातून कळू लागते. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या पिल्लांचे हे शिक्षण अर्धवट राहते (गावठी पिल्ले तर बहुधा त्याआधीच उचलून आणली जातात), आणि मग ते घरच्यांना पुरे करावे लागते. फटक्यांचा उपाय मात्र मला मुळीच मान्य नाही. मार खाल्लेले पिल्लू जवळ येणाऱ्या हाताला भिऊ लागते आणि पुढे त्या भीतीपोटी खरोखरच चावते.

दात लागताच हात झटकू नये, कारण झटकलेल्या हाताने त्याला अधिकच चेव येतो. हात सैल सोडावा, काही न बोलता उठावे आणि अर्धा मिनिट दाराआड जावे. परतल्यावर चावायला दोरीचे खेळणे पुढे करावे. एकाने उठून जायचे आणि दुसऱ्याने हसत बोटे पुढे करायची, असे चालले तर महिनोन्महिने काही साधणार नाही. मुलाने किंचाळत पळू नये, हाताची घडी घालून स्तब्ध उभे राहावे, आणि मोठे माणूस नसताना दोघांना एकत्र सोडू नये. दिवेलागणीला पिल्लू अंगात आल्यासारखे वागत असेल, तर ते बहुधा थकलेले असते. या वयात अठरा ते वीस तासांची झोप लागते, तेव्हा त्याला शांत कोपऱ्यात निजवावे.

कुरतडणे मात्र कमी होण्याआधी वाढेल. चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे २८ दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. तोवर हिरड्या ठणकतात. ओला करून पिळलेला जाड फडका फ्रीजमध्ये गार करून समोर बसून चावायला द्यावा. जुनी चप्पल देऊ नये, कारण जुनी कोणती आणि नवी कोणती हे त्याला कळत नाही. सोडणांचे तंतू, सुंभ आणि आंब्याच्या कोयी आतड्यात अडकू शकतात, काजूच्या टरफलातील तेलाने तोंड भाजते, म्हणून हे सारे, जाळ्यांचे तुकडे आणि गळ खळ्यातून उचलून ठेवावेत. पिल्लू वारंवार ओकू लागले किंवा त्याने खाणे टाकले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्यावे.